फुकट क्लाऊड कोणता घ्यावा? बॅकअप आणि फायली साठवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातले फोटो, सातबारा आणि खरेदीखतं, शिक्षकांच्या प्रश्नपत्रिका, छोट्या दिवाळी अंकाच्या संपादकाकडची हस्तलिखितं, आजोबांच्या वह्यांचे स्कॅन. हे सगळं एकाच फोनवर किंवा एकाच जुन्या लॅपटॉपवर असतं आणि त्यासाठी दरमहा पैसे भरायची तयारी किंवा ऐपत प्रत्येकाची नसते. अशा वाचकांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्लाऊड म्हणजे इंटरनेटवर फायली ठेवायला एखाद्या कंपनीने दिलेली जागा. कंपनी किती जागा देते यापेक्षा हरवलेली फाईल परत कशी मिळते, हे आधी बघावं असं माझं ठाम मत आहे. उत्तरंही त्याच अंगाने दिली आहेत.

फार खोलात न जाता सांगा, कोणता घेऊ?

अँड्रॉइड फोन असेल तर गुगलचं खातं तुमच्याकडे आहेच. त्यात १५ जीबी फुकट मिळतात. रोजची कागदपत्रं आणि निवडक फोटो तिथे ठेवा. मग दुसऱ्या कंपनीत एक खातं काढा. खासगी कागदांसाठी प्रोटॉन ड्राइव्ह किंवा मेगा घ्या. कॉम्प्युटरवरच्या एखाद्या फोल्डरचा नियमित बॅकअप हवा असेल तर आयड्राइव्ह. आणि घरात एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क असू द्या. फुकटात एवढं झालं तरी बहुतेक घरांची सोय होते.

दोन कंपन्या हव्यातच, हा माझा हट्ट आहे. कारण पुढे येईलच.

कोण किती जागा फुकट देतं?

गुगल १५ जीबी देतं. मात्र जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्ये ५ जीबी मिळतात, ॲपलच्या आयक्लाऊडमध्येही ५. ड्रॉपबॉक्स २ जीबी देतं आणि फुकटचं खातं तीनच उपकरणांवर चालू देतं. मेगा २० जीबी, पीक्लाऊड १० जीबीपर्यंत, प्रोटॉन ड्राइव्ह ५ जीबीपर्यंत, आयड्राइव्ह १० जीबी. बॉक्सही १० जीबी देतं, पण एक फाईल २५० एमबीपेक्षा मोठी चालत नाही, म्हणजे लग्नाचा व्हिडिओ तिथे चढणारच नाही.

हे आकडे बदलतात आणि बहुतेक वेळा खालीच येतात. वनड्राइव्ह आधी १५ जीबी देत असे, २०१६ मध्ये त्याचे ५ झाले. मेगाने २०१३ मध्ये सुरुवात केली तेव्हा ५० जीबी दिले होते. म्हणून केवळ आकड्यावर निवड करू नका.

१५ जीबीत नेमकं किती मावतं?

फोनचा एक फोटो ३ ते ४ एमबी धरला तर साधारण चार हजार फोटो. व्हिडिओचा हिशेब मात्र वेगळा आहे. फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला ६० ते १३० एमबी खातो, म्हणजे तासाभराच्या स्नेहसंमेलनाला ४ ते ८ जीबी गेले. उलट कागदपत्रं जागाच घेत नाहीत. पानभर स्कॅन बेताच्या दर्जाने केला तर ५०० केबीच्या आत बसतो. दोन हजार पानांची कौटुंबिक कागदपत्रं १ जीबीत मावतात.

म्हणून फुकटच्या जागेत सगळंच ओतू नये. जे पुन्हा मिळणार नाही ते आधी. डाऊनलोड केलेले चित्रपट पुन्हा मिळतील. सुप्रभातच्या फोटोंचं काही अडत नाही. आईच्या आवाजातली ओवी एकदा गेली की गेली.

गुगल ड्राइव्हमध्ये फोल्डर सिंक आहे. म्हणजे बॅकअप झालाच ना?

नाही. सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीमुळे होतं, म्हणून इथे थोडं थांबतो.

सिंक म्हणजे दोन ठिकाणं एकसारखी ठेवणं. लॅपटॉपवर फाईल बदलली की क्लाऊडमध्ये बदलते. लॅपटॉपवरून पुसली की क्लाऊडमधूनही पुसली जाते. घरातल्या लहान मुलाने चुकून फोल्डर उडवला तर सिंक ती चूक इमानेइतबारे सगळीकडे पोहोचवतं. रॅन्समवेअरने, म्हणजे फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, फायलींना कुलूप लावलं तर कुलूप लागलेल्या फायलीच वर चढतात. बॅकअप म्हणजे मूळ फाईल बिघडली तरी न बिघडणारी, जुन्या तारखेची, वेगळी प्रत.

सिंक सेवांमध्ये थोडी मुदत मिळते. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाईल ३० दिवस राहते, वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्येही ३० दिवस. ड्रॉपबॉक्सच्या फुकट खात्यात ३० दिवसांपर्यंतच्या जुन्या आवृत्त्या परत मिळतात. पण फाईल गेल्याचं तिसाव्या दिवसाच्या आत लक्षात यायला हवं. उन्हाळ्याच्या सुट्टीत उडालेली प्रश्नपत्रिका शाळा उघडल्यावर आठवते, तोपर्यंत मुदत संपलेली असते.

आयड्राइव्हसारख्या बॅकअप सेवेचा स्वभाव वेगळा आहे. कॉम्प्युटरवरून फाईल गेली म्हणून तिथली प्रत लगेच पुसली जात नाही. म्हणून मोठी नावं सोडून मी तिचा उल्लेख मुद्दाम करतो. ज्यांना सिंकच वापरायचं आहे त्यांनी निदान महिन्यातून एकदा महत्त्वाच्या फोल्डरची झिप फाईल (सगळ्या फायलींचं एकच गाठोडं) करून, नावात तारीख घालून, दुसऱ्या खात्यात चढवावी. गावठी उपाय आहे, पण चालतो.

फोनमधून फोटो डिलीट केला तर क्लाऊडमधूनही जातो का?

गुगल फोटोजच्या ॲपमधून डिलीट केला तर हो, दोन्हीकडून जातो. फोनमधली जागा रिकामी करायची असेल तर त्याच ॲपमधला ‘जागा मोकळी करा’ हा पर्याय वापरा. तो फक्त आधीच चढलेल्या फोटोंच्या फोनमधल्या प्रती काढतो. चुकून गेलेला फोटो बॅकअप झालेला असेल तर ट्रॅशमध्ये ६० दिवस मिळतो. आयक्लाऊड फोटोजमध्येही फोनवरून काढलेला फोटो सगळीकडून निघतो. तिथे मुदत ३० दिवसांची.

पूर्वी गुगल फोटोज अमर्याद होतं ना?

१ जून २०२१ पासून नाही. त्याआधी ‘हाय क्वालिटी’मध्ये (म्हणजे आकार थोडा कमी करून) चढवलेले फोटो आजही मोजले जात नाहीत, त्यानंतरचे मोजले जातात.

माझं जीमेल ‘जागा भरली’ म्हणतंय, पण ड्राइव्हमध्ये तर काहीच नाही.

बहुधा व्हॉट्सॲप. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअप पूर्वी गुगलच्या जागेत धरला जात नव्हता. २०२४ मध्ये तो धरायला सुरुवात झाली. सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, नातेवाइकांचा ग्रुप, प्रत्येकातले व्हिडिओ बॅकअपमध्ये जातात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये चॅट बॅकअपमधून व्हिडिओ वगळा, आणि कोणता ग्रुप किती जागा खातोय तेही तिथेच स्टोरेजमध्ये बघा. हे टाळू नका, कारण १५ जीबी भरले की मेल येणं-जाणंही अडतं. बँकेचा किंवा नोकरीचा मेल त्यात अडकला तर फार महाग पडतं.

विंडोजवाल्यांची अशीच अडचण वनड्राइव्हमुळे होते. नवा लॅपटॉप सुरू करताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर अनेकदा थेट वनड्राइव्हला जोडले जातात, आणि ५ जीबी काही दिवसांत संपतात. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन हे फोल्डर सोडवता येतात. मात्र सोडवल्यावर फायली कॉम्प्युटरवर खरोखर आहेत का हे बघून मगच पुढची आवराआवर करा.

कंपनी माझ्या फायली बघू शकते का?

गुगल, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांच्याकडे फायली कुलूपबंदच असतात, पण किल्ली कंपनीकडे असते. तुमचा पासवर्ड हरवला तरी ते फायली परत देऊ शकतात, त्याचं कारणही हेच. मेगा आणि प्रोटॉन ड्राइव्हमध्ये फाईल तुमच्याच उपकरणावर कुलूपबंद होऊन वर जाते, किल्ली तुमच्याकडे. तिथे पासवर्ड आणि रिकव्हरी की (पासवर्ड हरवल्यास वापरायची राखीव किल्ली) दोन्ही हरवलं तर फायली कायमच्या गेल्या, कस्टमर केअर काहीही करू शकत नाही. म्हणून ती की कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदांसोबत ठेवा.

मधला मार्ग म्हणजे क्रिप्टोमेटर हा प्रोग्राम. कॉम्प्युटरवर तो फुकट चालतो. ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये तो एक तिजोरी तयार करतो. तिच्यात टाकलेलं सगळं कुलूपबंद होऊनच वर चढतं. एकदाच पाठवायच्या फायलींना सेव्हन-झिप या झिप करायच्या प्रोग्रामने पासवर्ड लावणंही पुरेसं आहे, फक्त एन्क्रिप्शनमध्ये एईएस-२५६ निवडा.

माझा सल्ला असा: फोटो आणि साधी कागदपत्रं गुगलसारख्या ठिकाणी खुशाल ठेवा. मृत्युपत्र, वैद्यकीय अहवाल, कोर्टाचे कागद, कोणाच्या तरी खासगी आयुष्याचा मजकूर असलेली कामं, हे किल्ली आपल्याकडे ठेवूनच चढवावं. पत्रकार आणि वकिलांनी तर नक्कीच.

एवढ्या मोठ्या कंपन्या असताना दोन खाती कशाला? गुगल बुडणार आहे का?

गुगल बुडणार नाही, पण तुमच्या खात्याचं दार बंद होऊ शकतं. २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वडिलांची हकिकत छापली. आजारी मुलाचे फोटो त्यांनी डॉक्टरांसाठी काढले, ते आपोआप क्लाऊडवर चढले, यंत्रणेने ते बाललैंगिक शोषणाचे मानले आणि खातं बंद झालं. पोलिसांनी चौकशी करून त्यांना निर्दोष ठरवलं, तरी खातं परत मिळालं नाही. वर्षानुवर्षांचे मेल, फोटो, फोन नंबर, सगळं एकाच दारामागे होतं.

चुका कंपन्यांच्याही होतात. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचं गुगल क्लाऊडवरचं सगळं मांडलेलं काम गुगलकडच्या चुकीने पुसलं गेलं, दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रतींसकट. सहा लाखांहून जास्त सभासदांचा निधी तो. त्यांनी वेगळ्या कंपनीकडे आणखी एक प्रत ठेवली होती, म्हणून ते सावरले. दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ रोजी डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली, त्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या जी-ड्राइव्हमधला (हा गुगलचा नव्हे, तिथल्या सरकारचा साठा) ८५८ टीबी डेटा जळाला. त्याची बाहेर कुठेही प्रत नव्हती.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम नेमका याचसाठी आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. फोन किंवा लॅपटॉप ही पहिली प्रत, घरातली हार्ड डिस्क दुसरी, क्लाऊड तिसरी. कोल्हापूर-सांगलीत २०१९ चा पूर ज्यांच्या घरात शिरला, त्यांना ‘घराबाहेर’ या शब्दाचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

खातं वापरलं नाही तर काय होतं?

पुसलं जाऊ शकतं. गुगलच्या नियमाप्रमाणे दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं हटवलं जाऊ शकतं. ही कारवाई डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली. जागा भरून दोन वर्षं तशीच राहिली तरी फायली जाऊ शकतात. बाकीच्या फुकट सेवांचेही असे नियम आहेत, काहींची मुदत आणखी कमी. ‘बॅकअपसाठी वेगळं खातं काढलं आणि विसरलो’ हा प्रकार म्हणूनच धोक्याचा आहे. कॅलेंडरमध्ये दर तीन महिन्यांची आठवण लावा आणि त्या दिवशी प्रत्येक खात्यात लॉगिन करून एखादी फाईल उघडा.

सेवाच बंद पडली तर?

पडतात. उबुंटू वन २०१४ मध्ये बंद झालं, वुआला २०१५ मध्ये, ‘कॉपी’ नावाची सेवा २०१६ मध्ये. फोटो ठेवायच्या फ्लिकर या सेवेने २०१३ मध्ये १ टीबी फुकट दिलं आणि २०१८ च्या शेवटी जाहीर केलं की फुकट खात्यात एक हजारच फोटो राहतील. या चौघांनीही आधी सूचना दिली होती. ज्यांनी मेल वाचले त्यांचे फोटो वाचले. म्हणून अशा खात्याला रोज बघता तोच ईमेल द्या.

खातं काढण्याआधी एक गोष्ट बघा: सगळं एकदम बाहेर काढता येतं का? गुगलचं टेकआऊट हे काम चांगलं करतं, सगळा साठा झिप फायलींमध्ये हाती देतं. एकेक फाईलच डाऊनलोड करावी लागते अशी सेवा मी बॅकअपसाठी सुचवणार नाही.

एक ॲप १ टीबी फुकट देतंय. घ्यावं का?

घराण्याचा ठेवा ठेवायला नको. एवढी जागा फुकट देणारा खर्च कुठून तरी भरून काढतो: जाहिरातींतून, डाऊनलोडचा वेग दाबून, किंवा मोठी फाईल परत काढताना पैसे मागून. आत टाकणं सोपं आणि बाहेर काढणं अवघड असेल तर त्या टीबीचा उपयोग शून्य. मित्रांना एखादी मोठी फाईल पाठवायला हरकत नाही.

मोबाईल रिचार्जबरोबर जागा फुकट मिळतेय, ती?

घ्या, पण संपण्याची तारीख लिहून ठेवा. जिओने ऑगस्ट २०२४ च्या वार्षिक सभेत १०० जीबीपर्यंत क्लाऊड जाहीर केला. एअरटेलने मे २०२५ मध्ये पोस्टपेड आणि वाय-फाय ग्राहकांना गुगल वनचे (गुगलच्या पैसे भरून घ्यायच्या जागेचे) १०० जीबी सहा महिन्यांसाठी दिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये जिओ ग्राहकांना गुगलच्या जेमिनी या एआय सेवेच्या प्लॅनबरोबर १८ महिन्यांसाठी २ टीबी जाहीर झाले. मुदत संपली की गुगलची मर्यादा पुन्हा १५ जीबी होते. मधल्या काळात ८० जीबी भरले असतील तर दोनच रस्ते उरतात: पैसे भरा किंवा ६५ जीबी काढा. अशा जागेचा उपयोग हार्ड डिस्क घेईपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून करावा.

आधार, मार्कशीट, गाडीचे कागद यांच्यासाठी डिजिलॉकर पुरेल?

बऱ्याच अंशी. २०१५ पासून सुरू असलेल्या या सरकारी सेवेत १ जीबी जागा मिळते. पण त्यात दोन कप्पे आहेत आणि त्यांच्यात मोठा फरक आहे. ‘इश्यूड’मध्ये येणारा कागद संबंधित खात्याकडून थेट येतो आणि नियमानुसार मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो. तुम्ही स्वतः स्कॅन करून चढवलेला कागद मात्र साधी प्रतच राहतो. सातबारा हवा असेल तर फोटो काढण्यापेक्षा महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्या आणि ती पीडीएफ जशीच्या तशी जपा. प्रिंट काढून पुन्हा स्कॅन केली तर ती स्वाक्षरी उरत नाही.

मराठीत नावं दिलेल्या फायलींचा काही त्रास होतो का?

होतो, आणि याबद्दल फारसं कोणी सांगत नाही. अँड्रॉइड आणि लिनक्सवर फाईलचं नाव सहसा २५५ बाइटच्या आत बसावं लागतं. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘क्षेत्र’ हा शब्द दिसायला छोटा, पण मात्रा आणि हलन्त धरून त्यात सात चिन्हं आहेत, म्हणजे २१ बाइट. त्यामुळे नाव ८५ चिन्हांपलीकडे गेलं की विंडोजवर बिनबोभाट चाललेली फाईल दुसरीकडे उतरताना अडते. नावं आखूड ठेवा, सुरुवातीला तारीख आकड्यांत लिहा. जुन्या सॉफ्टवेअरने केलेल्या झिपमध्ये देवनागरी नावांचा चुराडा होतो. सेव्हन-झिपच्या ताज्या आवृत्तीने बहुतेक वेळा निभावतं.

याहून मोठी काळजी जुन्या फॉन्टमधल्या मजकुराची. श्री-लिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी यांत टाइप केलेल्या हजारो फायली गावोगावच्या छापखान्यांत, ग्रंथालयांत, लेखकांच्या घरी आहेत. फाईल क्लाऊडवर सुखरूप राहील, पण दहा वर्षांनी तो फॉन्ट नसेल तर उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसेल. शोधूनही सापडणार नाही, कारण आत ‘आजी’ हा शब्द देवनागरीत नाहीच. अशा प्रत्येक फाईलची एक पीडीएफ करा, म्हणजे फॉन्ट तिच्यातच बांधला जातो. जमेल तसा मजकूर युनिकोडमध्ये (कोणत्याही फोन-कॉम्प्युटरवर देवनागरी दिसते त्या पद्धतीत) बदलून तीही प्रत ठेवा आणि मूळ फाईल टाकू नका, कारण रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात. मराठीतला केवढा तरी मजकूर अशा फायलींत पडून आहे. तो वाचवायचं काम मला फार मोलाचं वाटतं.

गावात नेट मंद आहे. इतकं सगळं चढणार कसं?

अपलोडचा वेग ५ एमबीपीएस मिळाला तर १५ जीबीला सुमारे सात तास लागतात. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर सगळा डेटा यालाच दिला तर दहा दिवस. पहिली खेप शहरातल्या नातेवाइकांच्या वाय-फायवरून चढवा, नंतर रोजची भर थोडीच असते. ॲपमध्ये ‘फक्त वाय-फायवर’ हे सेटिंग आहे ना, तेवढं बघा.

फोन चोरीला गेला, नंबरही बंद. मग क्लाऊडमध्ये शिरायचं कसं?

याची तयारी आधीच करावी लागते. दोन टप्प्यांची पडताळणी जरूर लावा, पण ती फक्त एसएमएसवर टांगून ठेवू नका. गुगल आठ आकड्यांचे बॅकअप कोड देतं. ते छापून घरात ठेवा. रिकव्हरी ईमेल चालू आहे का बघा. नंबर कायमचा सोडणार असाल तर आधी सगळ्या खात्यांतून काढा, कारण बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्या माणसाला दिला जाऊ शकतो.

माझ्या पश्चात घरच्यांना हे फोटो मिळतील?

गुगलमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाऊंट मॅनेजर’ आहे. किती महिने खातं शांत राहिलं की कोणाला काय द्यायचं, हे आत्ताच ठरवून ठेवता येतं. दहा जणांपर्यंत नावं देता येतात. ॲपलमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ आहे. बसून भरायला थोडाच वेळ लागतो, आणि परदेशी असलेल्या मुला-मुलींना नंतर कंपनीशी कागदी लढाई करावी लागत नाही.

बॅकअप झाला हे ओळखायचं कसं?

परत आणून. हिरवी खूण दिसली म्हणजे झालं असं धरू नका. दुसऱ्याचा फोन किंवा कॉम्प्युटर घ्या, लॉगिन करा, एक जुना फोटो, एक पीडीएफ आणि एक मोठा व्हिडिओ उतरवून उघडा. व्हिडिओ शेवटपर्यंत चालतो का बघा. मग एखादी फाईल मुद्दाम पुसून ट्रॅशमधून काढून पाहा, म्हणजे खरी वेळ आली तर हात थरथरणार नाही. हे वर्षातून दोनदा करावं. ३१ मार्चला जागतिक बॅकअप दिन असतो, तो एक दिवस धरा आणि दुसरा दिवाळीच्या साफसफाईतला.

पैसे भरायची वेळ कधी आली असं समजावं?

दर महिन्याला काहीतरी पुसून जागा करावी लागत असेल आणि पुसताना जीव तुटत असेल तेव्हा. किंवा फायलींवर तुमचं पोट असेल तेव्हा: स्टुडिओ, डीटीपी, क्लास, कोणताही धंदा. गुगलचे १०० जीबी महिन्याला साधारण १३० रुपयांना पडतात आणि घरातल्या आणखी पाच जणांना वाटून घेता येतात. त्याआधी मात्र १ टीबीची हार्ड डिस्क घ्या. पैसे एकदाच लागतात, आणि रिचार्ज संपला तरी ती चालू राहते.